शब्दचर्चा : ‘रुग्णाला अंत्यसंस्कार दिले’?

फोंडा : इंग्रजीतल्या ‘लास्ट राइट्स’चे भाषांतर करताना मजकुरात आलेले एक वाक्य : ‘पाद्रींनी घरी येऊन रुग्णाला अंत्यसंस्कार दिले.’ पुढच्याच परिच्छेदात हा रुग्ण मुलाशी बोलतो! दुरुस्ती काय करावी? आणि मुळात साक्रामेंताला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सात मुख्य पवित्र विधींपैकी एकाला, ‘संस्कार’ म्हणणे कितपत बरोबर?

मडगाव : वाक्य चूकच आहे. मराठीत अंत्यसंस्कार मेलेल्या माणसावर होतात. इथे जो विधी आहे तो आजाऱ्यासाठी, म्हणजे जिवंत माणसासाठी. पाद्री कपाळाला आणि दोन्ही हातांना आशीर्वादित तेल लावतात, सोबत ठरलेली प्रार्थना म्हणतात. तेल बहुधा ऑलिव्हचे. १९७२पासून दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालते. मृत्यू झाला आहे हे नक्की असेल तर हे साक्रामेंत देता येत नाही, नुसती प्रार्थना होते. शंका असेल तर देतात. उलट दफनविधी हा सात साक्रामेंतांपैकी एकही नव्हे.

घोळ जुन्या नावात आहे. पोर्तुगीजमध्ये ‘एस्त्रेमा उंसांव’, म्हणजे शेवटचे तेल लावणे. नावातच ‘शेवटचे’ आल्यामुळे पाद्रींना बोलावणे म्हणजे आशा सोडणे, असा समज झाला आणि घरचे लोक घरघर लागेपर्यंत थांबू लागले. तोवर रुग्णाला बोलताही येत नसे, मग पापनिवेदन कुठले? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले ते यासाठीच. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो. बरा झालेला माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजाराने उचल खाल्ली, तर पुन्हा घेता येतो.

म्हापसा : तपशील मान्य, पण ‘अभ्यंग’ म्हटले की मराठी वाचकाला उटणे आणि नरकचतुर्दशी आठवते. ‘आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी’ असे सरळ लिहावे.

‘संस्कार’बद्दल : वसईकडच्या मराठी कॅथलिकांत ‘सात संस्कार’ रुळलेले आहे, तेव्हा शब्द परका नाही. अडचण अर्थाची. आपल्या कानाला संस्कार म्हणजे एक तर सोळा संस्कार, नाही तर ‘घरचे संस्कार चांगले’ मधला. साक्रामेंत म्हणजे ख्रिस्ताने नेमून दिलेली, डोळ्यांना दिसणारी खूण. ती जे दाखवते ती कृपा प्रत्यक्ष देतेही. चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७मध्ये संख्या सातच ठरवली : बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांचा अभ्यंग, याजकदीक्षा आणि विवाह. क्रियापदही सांभाळावे. संस्कार ‘करतात’, साक्रामेंत ‘देतात’ आणि ‘घेतात’.

घर बेसांव करणे (आशीर्वादित करणे), खुरसाजवळची (क्रुसाजवळची) लादाईन म्हणजे सामूहिक प्रार्थना, पवित्र पाणी यांना साक्रामेंत म्हणू नये. त्या भक्तीच्या गोष्टी, दर्जा वेगळा.

फोंडा : मग ‘कुमसार’साठी, म्हणजे पाद्रींपुढे पापे सांगण्याच्या साक्रामेंतासाठी, ‘पापाची कबुली’ चालेल?

मडगाव : कबुली पोलीस ठाण्यात देतात. ‘पापनिवेदन’ बरे, पण तोही त्यातला एकच भाग. आधी पश्चात्ताप, मग निवेदन, मग पाद्री सांगतील ते प्रायश्चित्त, आणि पाद्रींनी उच्चारलेली पापक्षमा. पश्चात्ताप नसेल तर बाकीचे फुकट. म्हणून पूर्ण विधीला ‘प्रायश्चित्त’ म्हणणेही अपुरेच. कोकणीतला ‘कुमसार’ मराठी मजकुरात तसाच ठेवावा, गोव्यातल्या वाचकाला तो कळतो.

म्हापसा : अशाच दोन चुका नेहमी दिसतात. ‘ख्रिस्तप्रसाद’ मधला ‘ख्रिस्त’ गाळून नुसते ‘प्रसाद वाटला’ लिहितात. देवळातला प्रसाद येईल त्याच्या हातावर पडतो. हा तसा नाही. ओस्ती, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकरी, गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्याचीच, बिनखमिराची. घेणारा कॅथलिक हवा, तासभर आधीपासून पाणी आणि औषध सोडून पोटात काही नको, आणि गंभीर पाप केले असेल तर आधी कुमसार.

दुसरी चूक ‘पाद्रींनी लग्न लावले’. कॅथलिक चर्चच्या लॅटिन (पाश्चात्त्य) पंथात विवाहाचे साक्रामेंत वधू-वर एकमेकांना देतात. पाद्री त्यांची संमती विचारतात आणि चर्चच्या वतीने ती स्वीकारतात, शिवाय दोन साक्षीदार लागतात. ‘पाद्रींसमोर लग्न झाले’ हे अचूक. तसेच ‘चर्चने घटस्फोट दिला’ असेही नको. चर्च तपासून सांगते की लग्न मुळातच वैध नव्हते.

मडगाव : बाप्तिस्म्यात तर एका शब्दाने विधी बाद होतो. पाणी घालताना ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणायचे. ‘आम्ही देतो’ म्हटलेला बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२०मध्ये दिला. भाषांतर करणाऱ्याने इथे आदरार्थी ‘आम्ही’ घालू नये.

आता मूळ वाक्य. इंग्रजीतल्या ‘लास्ट राइट्स’ या बहुवचनात बहुधा तीन गोष्टी येतात : कुमसार, अभ्यंग आणि मरणासन्न माणसाला दिलेला ख्रिस्तप्रसाद. शेवटच्याला लॅटिनमध्ये ‘व्हियातिकुम’ म्हणतात, म्हणजे वाटखर्ची, प्रवासाला बरोबर घ्यायचे ते. आपली ‘शिदोरी’ त्याला नेमकी बसते. खरे तर ‘शेवटचे साक्रामेंत’ म्हणायचे तर ते हेच. अभ्यंग नव्हे.

फोंडा : म्हणजे : ‘पाद्रींनी घरी येऊन त्याचे पापनिवेदन ऐकले, कपाळाला व हातांना तेल लावले आणि ख्रिस्तप्रसादाची शिदोरी दिली.’

म्हापसा : मूळ मजकुरात तिन्ही झाल्याचे असेल तरच. नाहीतर तेलापर्यंतच थांबा. ‘शिदोरी’ पहिल्यांदा येईल तिथे अर्थ एका ओळीत द्या, नाहीतर वाचक डबा शोधेल.