उंचीपेक्षा किंमत बघा

'क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ब्राइस यंग जेमतेम ५ फूट १० इंच, म्हणून २०२३ च्या NFL ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजच्या खेळाडूंना क्रमाने निवडतात त्यात) तो पहिल्या क्रमांकाच्या लायकीचा नव्हता' हे म्हणणं पटत नाही. क्वार्टरबॅक कायलर मरेही तेवढाच, आणि २०१९ मध्ये तोही पहिलाच गेला.

चुकलं ते किमतीत. निवडीच्या क्रमात नवव्यावरून पहिल्यावर यायला कॅरोलायना संघाने शिकागो संघाला ९ आणि ६१ हे क्रमांक, २०२४ च्या पहिल्या फेरीतला पिक (निवडीचा हक्क), २०२५ च्या दुसऱ्या फेरीतला पिक आणि वर डीजे मूर दिला. म्हणजे चेंडू ज्याच्याकडे फेकायचा, तो रिसीव्हरच (फेकलेला चेंडू झेलणारा) सौद्यात गेला! पुढे त्याला संरक्षण देणारी लाइन टिकेना, यंग पहिल्याच मोसमात ६२ वेळा सॅक झाला (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला), संघ २ विजय, १५ पराभव. तळाच्या संघाची निवड आधी असते, त्यामुळे शिकागोकडे गेलेला २०२४ चा पिक नेमका पहिलाच निघाला. त्यावर शिकागोने क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला.

क्वार्टरबॅक निवडताना त्याच्या कॉलेजच्या सामन्यांची टेप बघाल, तेव्हा मोकळ्या पॉकेटमधले (लाइनने त्याच्याभोवती राखलेल्या जागेतले) थ्रो आधी बाजूला काढा. तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), अजून ७-८ यार्ड हवे आहेत, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) अंगावर, पहिला रिसीव्हर झाकलेला: अशा वेळी पाय कुठे जातात ते बघा. त्याच ड्राफ्टमधल्या क्वार्टरबॅक सी.जे. स्ट्राउडवर हाच आक्षेप होता, की अशा दबावात तो अडखळतो, आणि जॉर्जियाविरुद्धच्या पीच बोल या कॉलेज सामन्यात त्याने पॉकेटबाहेर पळत तो खोडला. ३४८ यार्ड, ४ टचडाउन. यंग मात्र यात अलाबामात असल्यापासूनच पक्का होता. निवड मूर्खपणाची नव्हती, मूर्खपणाचा होता तो सौदा.