मदत हवी आहे: जुन्या कोब्यावरच पीव्हीसी मेंब्रेन टाकावे की कोबा काढून? (व्यापारी इमारत, ठाणे)

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील आमच्या तीन मजली व्यापारी इमारतीच्या गच्चीवर पावसाळ्यापूर्वी पीव्हीसी मेंब्रेन (पाणी अडवणारा प्लास्टिकचा पातळ, लवचीक पत्रा) बसवून घ्यावे, असे गाळेधारकांच्या सभेत ठरले आहे. सचिव या नात्याने कोटेशने मागवण्याचे काम माझ्याकडे आले असून, दोन ठेकेदारांनी एकमेकांच्या अगदी उलट सल्ला दिल्यामुळे हा धागा काढत आहे.

गच्ची साधारण ६,५०० चौरस फुटांची आहे. आरसीसी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चायना मोझाइक, अशी तीस वर्षांपूर्वीची नेहमीची रचना आहे. उत्तरेकडच्या सुमारे एक तृतीयांश भागावर मध्यंतरी टॉर्चने चिकटवलेले डांबरी मेंब्रेन टाकले होते. ते आता कठड्यालगत सुटले आहे. त्याच्या नेमके खाली पॅथॉलॉजी लॅब असून, पावसाळ्यात तेथील तपासणी यंत्रांवर प्लास्टिक पांघरून काम करावे लागते. विशेष म्हणजे पाऊस पूर्ण उघडल्यानंतरही आठवडाभर छतातून थेंब पडत राहतात, यावरून पाणी कोब्यात साठून राहत असावे असे मला वाटते.

पहिल्या ठेकेदाराच्या मते कोबा आणि डांबरी थर दोन्ही काढून, नव्याने उतार देऊन, त्यावर पॉलिएस्टर जाळीचे १.५ मिमी जाडीचे मेंब्रेन यांत्रिक पद्धतीने, म्हणजे स्क्रू आणि चकत्यांनी, बसवावे. दुसरा म्हणतो की काहीही न काढता आहे त्या पृष्ठभागावर १.२ मिमीचे मेंब्रेन गोंदाने चिकटवता येईल आणि वरून पाणी बंद झाले की खालची ओल आपोआप सुकेल. त्याचा खर्च जवळपास निम्मा असल्यामुळे बहुतेक गाळेधारकांचा कल तिकडे आहे. वॉरंटी दोघेही दहा वर्षांची देतात, परंतु ती मालाची की कामाचीही, हे एकाच्याही कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले नाही.

वरचा थर बंद केल्यावर कोब्यातील ओल खरोखर बाहेर पडते का, आणि डांबरी थरावर पीव्हीसी थेट बसवलेले चालते का, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. त्याशिवाय गच्चीवर एसीची बरीच बाह्य युनिटे लोखंडी स्टँडवर उभी आहेत. त्यांचे काय करावे, तेही कृपया सांगावे. इमारत जुनी असल्यामुळे कोबा फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांचीही मला काळजी वाटते. ज्यांनी असे काम स्वतः करवून घेतले आहे किंवा केले आहे, त्यांच्या सल्ल्याची मनापासून अपेक्षा आहे.

प्रतिसाद १

ताई, कोटेशनची तुलना करण्याआधी कोबा किती ओला आहे ते पाहावे. गच्चीच्या वेगवेगळ्या भागांत, विशेषतः पाणी जाण्याच्या तोंडांजवळ आणि लॅबच्या वर, कोबा स्लॅबपर्यंत फोडून पाहावा. तळाचे विटांचे तुकडे काळपट, ओले निघाले तर दुसऱ्या ठेकेदाराचे म्हणणे बाजूला ठेवावे. वरून पीव्हीसीने बंद केलेल्या ओलीला बाहेर पडायला खालची बाजूच उरते, म्हणजे तुमच्या लॅबचे छत. शिवाय उन्हाने ती वाफ होऊन वर ढकलू लागली की गोंदाने चिकटवलेल्या मेंब्रेनला फुगे येतात. जिथे कोबा कोरडा वाटतो तिथे दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून किमान १६ तास ठेवावे. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर ती जागाही ओली समजावी.

डांबराबाबत तडजोड करू नये. पीव्हीसी लवचीक ठेवणारी प्लास्टिसायझर नावाची द्रव्ये डांबराच्या संपर्कात शोषली जातात आणि काही वर्षांत मेंब्रेन आखडून ताठ होते. उघड्या थर्माकोलच्या संपर्कातही हेच घडते. मध्ये पुरेशा जाडीचे जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचे नमद्यासारखे कापड) घातले तर सपाट भाग सांभाळता येतो. परंतु कठड्यावर चढवलेल्या भागात जुने डांबर पीव्हीसीला हमखास टेकते, म्हणून तिथले डांबर खरवडून काढणे मला आवश्यक वाटते.

कोब्यात स्क्रू धरत नाहीत. यांत्रिक पद्धत ठरली तर अँकर (मेंब्रेन धरून ठेवणारा स्क्रू) स्लॅबमध्ये गेला पाहिजे आणि आधी त्याची ओढून चाचणी घेतली पाहिजे. आयएस ८७५ या इमारतींवरील भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. कोपरे आणि कडा यांवर उचलणारा जोर मधल्या भागापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे तिथे स्क्रू दाट लागतात. कोटेशनमध्ये सगळीकडे एकच अंतर लिहिले असेल, तर हिशेब केलेला नाही असे समजावे.

हादऱ्यांची काळजी योग्य आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यावा आणि मोठा ब्रेकर न लावता लहान यंत्राने, टप्प्याटप्प्याने कोबा काढावा. राडारोडा गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवू देऊ नये. यात एक लाभही आहे: चार-पाच इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते, तर १.५ मिमी पीव्हीसी साधारण दोनच किलो. जुन्या स्लॅबवरचा एवढा भार उतरणे चांगलेच. मात्र नवा उतार हलक्या काँक्रीटने आणि किमान १ : १०० द्यावा.

प्रतिसाद २

आमच्या कंपनीच्या गोदामावर हे काम मी करवून घेतले आहे, म्हणून जोडांविषयी लिहितो. मेंब्रेनचे जोड गरम हवेच्या यंत्राने वितळवून एकजीव करतात आणि साइटवरचा वीजदाब खालीवर झाला की तापमान बदलून जोड कच्चा राहतो. आम्ही स्वतंत्र जनरेटर लावायला लावला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एक तुकडा जोडून, तो थंड झाल्यावर हाताने ओढून पाहायचा. जोड सुटला तर यंत्राची मांडणी चुकली आहे; वरचा थर सोलवटून आतली जाळी उघडी पडली तर जोड पक्का आहे. संध्याकाळी दिवसभराच्या प्रत्येक जोडाच्या कडेवरून बोथट टोकाची सळई फिरवून घ्यावी. हे दोन्ही निविदेत अट म्हणून लिहावे.

एसीची युनिटे आधी हलवलीच पाहिजेत, नाहीतर त्यांच्या पायांभोवती ठिगळे लागतात आणि गळती तिथूनच सुरू होते. पुन्हा बसवताना स्टँडखाली आणि मेकॅनिकच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर त्याच मेंब्रेनचे जाड पट्टे टाकावेत. वॉरंटी उत्पादक आणि अप्लिकेटर (मेंब्रेन बसवणारा ठेकेदार) या दोघांच्या सहीची, माल व काम दोन्ही धरणारी मागावी.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कोबा उघडून पाहण्याचे काम याच आठवड्यात करवून घेते आणि दोन्ही ठेकेदारांना त्या वेळी गच्चीवर बोलावते. एक शंका उरते: फक्त लॅबच्या वरचा भाग ओला निघाला आणि उरलेला कोबा कोरडा ठरला, तर तेवढाच भाग काढून नव्या आणि जुन्या पातळीचा सांधा कसा करावा? पाण्याचा उतार त्या सांध्यावरूनच जाणार आहे, म्हणून विचारते.