'लो-लेव्हल'ला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर
एका जिल्हा परिषद शाळेला वापरलेले लॅपटॉप मिळालेत, अकरा नग. त्यांवर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकायचं, म्हणून शिक्षकांसाठी दोन पानी टिपण लिहितोय. मूळ इंग्रजी मजकुरात इशारा आहे की या लो-लेव्हल हार्डवेअर सेटिंग्ज आहेत, जपून हात लावा. मी लिहिलं, 'या खालच्या पातळीच्या सेटिंग्ज आहेत.' गुरुजींचा फोन आला. "सर, खालच्या पातळीची सेटिंग म्हणजे कोणाला काही द्यायचंय का?"

आधी मला कळलंच नाही. मग दोघंही हसलो, पण वाक्य अडलं ते अडलंच. 'निम्नस्तरीय' लिहावं तर पुढे 'विनोद' हाच शब्द येतो डोक्यात. 'मूलभूत' लिहावं तर त्याच पानावर डीफॉल्टला मूलभूत केलंय, आणि बायोसमधल्या (बटण दाबल्यावर विंडोज-लिनक्सच्याही आधी चालतो तो प्रोग्राम) 'बेसिक'लाही. एका पानात तीन मूलभूत. सुचवा काहीतरी, शनिवारी छपाईला द्यायचंय.

तिरकी रेघ
गुरुजींचं काय चुकलं? मराठीत 'सेटिंग' वेगळ्याच खात्यात नोकरीला आहे. 'टेंडरमध्ये सेटिंग झाली', 'त्या दोघांची सेटिंग आहे'. तिला 'खालच्या पातळीची' जोडलंत की शिपायापासून सुरुवात करायची, एवढाच अर्थ उरतो.

घाटमाथा
म्हणूनच म्हणतो, इंग्रजी शब्द तसाच उचलू नये. मांडणी, जुळणी, तजवीज, योजना हे सगळे शब्द धूळ खात पडलेत. 'यंत्रजुळणी' म्हणा. 'खालच्या पातळीच्या' ऐवजी 'अधःस्तरीय'. अर्थ स्वच्छ, लाच नाही.

खटपट्या
'अधःस्तरीय यंत्रजुळणी' वाचून शिक्षक लॅपटॉप परत पाठवतील.

पंधरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय, पुण्यात तपकीर गल्लीतून सामान उचलतो. लो-लेव्हल हा शब्द तिथे कोणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही म्हणतो 'बायोसमध्ये जा'. बस. बूट ऑर्डर, व्हर्च्युअलायझेशन, हार्ड डिस्क एएचसीआयवर की रेडवर (डिस्क चालवायच्या दोन पद्धती), सगळं त्यात आलं. 'बायोस उडाला', 'बायोस मारावा लागेल'. विंडोज मारतात, फॉरमॅट मारतात, तसाच बायोस मारायचा, म्हणजे चिपवर नव्याने लिहायचा. एक आजोबा घाबरून म्हणाले होते, "मारू नका हो, दुरुस्त करा."

सड्यावरचा
माझ्या मते 'खालचा' बिचारा निर्दोष आहे. आमच्या गावी वरची वाडी आणि खालची वाडी. मी जन्माने खालच्या वाडीचा, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट पाणी आमच्याकडे जास्त. गोची 'पातळी'ने केलीय. पातळी सोडणे, पातळी घसरणे, अमक्याच्या पातळीला उतरणे. धरणातल्या पाण्याची पातळी सोडली तर मराठीत पातळी माणसाच्या वागण्याचीच मोजतात. 'खालच्या थरातल्या सेटिंग्ज' म्हणून बघा. थर म्हटलं की दहीहंडी आठवते, आणि तिथे सगळा भार खालच्या थरावर असतो.

पाचवी पट्टी
सड्यावरच्यांशी सहमत. गाण्यात 'खालची पट्टी' म्हणजे हलकी पट्टी नव्हे. खर्ज तर सगळ्यात खाली, आणि तोच लागत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं पहाटे उठतात. माझ्या गुरुजी (बाईच होत्या, पण आम्ही गुरुजीच म्हणायचो) सांगायच्या, वर कोणीही ओरडेल, खाली जाऊन दाखव. 'खर्जातल्या सेटिंग्ज' म्हणा की!

तिरकी रेघ
ताई, लॅपटॉप सुरू होताना बीप वाजतो तो कोणत्या पट्टीत?

पाचवी पट्टी
माझा काळी पाचच्या आसपास वाजायचा. आता वाजत नाही, नवीन घेतला.

घाटमाथा
चर्चा भरकटतेय. 'कनिष्ठ' आहे की. कनिष्ठ न्यायालय, कनिष्ठ महाविद्यालय. अकरावीतल्या मुलाला कोणी कनिष्ठ म्हणून हिणवत नाही. 'कनिष्ठस्तरीय' चालेल.

मुळाक्षर
कनिष्ठवर विचार केला होता. पण कनिष्ठ म्हटलं की कोणीतरी ज्येष्ठ लागतो, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की महत्त्वाचं काम ज्येष्ठाकडे आहे. इथे उलट आहे. एक चुकीची सेटिंग आणि विंडोज-लिनक्स दोन्ही उठत नाहीत.

इझारकाठ
म्युनिकहून. जर्मनमध्ये ही अडचणच येत नाही. लो-लेव्हल प्रोग्रामिंगला इथे 'माशीनेन-नाह' म्हणतात. नाह म्हणजे जवळ. यंत्राच्या जवळचं. वर-खाली हा प्रकारच नाही, जवळ-लांब आहे. कामावर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, लो-लेव्हलमधला 'लो' म्हणजे हलका नसून निकटचा, हे इतक्या वर्षांत आपल्याला कोणी सांगितलंच नाही. मराठीत 'यंत्रालगतच्या सेटिंग्ज' होईल. शेतालगतचा रस्ता म्हणतो तसं.

सड्यावरचा
वा! 'यंत्रालगतच्या'. हे कळतं. गुरुजींना फोन करावा लागणार नाही.

घाटमाथा
कल्पना उत्तम. फक्त 'यंत्रसन्निध' केलं तर समास होईल आणि पुढे प्रत्यय लावायला सोपं जाईल. यंत्रसन्निधता, यंत्रसन्निधीकरण.

तिरकी रेघ
यंत्रसन्निधीकरण! समई लावून करायचा विधी वाटतो.

घाटमाथा
हसा. 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी सुचवले तेव्हाही लोक हसले असतील. आज तारीख लिहायच्या रकान्यात दिनांक छापलेलं असतं, कोणी हसत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करणाऱ्यांनी लोक काय म्हणतील याचा विचार केला असता तर आज आपण फारसीतच भांडलो असतो.

खटपट्या
रकान्यात दिनांक छापलेलं असतं हे खरं. भरताना बायको विचारते, "आज तारीख काय?"

आणि फारसीचं म्हणाल तर तुमच्याच वरच्या यादीतली 'तजवीज' कुठून आली?

घाटमाथा
ती रुळली.

खटपट्या
सेटिंगही रुळलीय.

इझारकाठ
फारसीचा विषय निघालाच आहे तर माझी एक लाडकी व्युत्पत्ती. फर्मवेअर = फर्मान + वेअर. बटण दाबलं की पहिला हुकूम तोच सोडतो: मेमरी मोज, कीबोर्ड शोध, डिस्क उठव. शुद्ध फर्मान. खोटी आहे हे माहीत आहे, पण 'फर्मानी' हा शब्द मला फार आवडतो.

मुळाक्षर
खोटीच आहे, पण खरी गोष्टही मजेची आहे. ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली डेटामेशन मासिकात फर्मवेअर शब्द वापरला, तेव्हा त्यांच्या मनात प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरला आतून चालवणाऱ्या बारीक सूचना, होता. हार्ड आणि सॉफ्ट यांच्या मधलं, म्हणून फर्म. पुढे तोच शब्द बायोसला चिकटला. बायोस (बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टम) हे नाव सत्तरच्या दशकातलं, गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम प्रणालीतलं. ग्रीकमध्ये बिओस म्हणजे जीवन, त्यामुळे श्लेषही फुकटात मिळाला.

सड्यावरचा
कडक आणि मऊ यांच्या मधलं? त्याला मराठीत शब्द आहे. निबर! सॉफ्टवेअर कोवळं, फर्मवेअर निबर, हार्डवेअर टणक. भेंडी कोवळी असताना हवी तशी चिरा. निबर झाली की सुरी जोर मागते, पण चिरता येते. फर्मवेअरही बदलता येतं, पण जोर लागतो आणि मधेच वीज गेली तर भाजी वाया.

पाचवी पट्टी
निबर नाही, जून. भेंडी जून होते. निबर माणूस होतो, मार खाऊन खाऊन.

सड्यावरचा
आमच्याकडे भेंडीच निबर होते.

खटपट्या
वीज गेल्याचं खरं आहे. बायोस अपडेटमध्ये असताना लोडशेडिंग, असे लॅपटॉप दुकानात बघितलेत. बॅटरी काढलेली आणि चार्जरवर चाललंय. गिऱ्हाईक म्हणणार, "काही केलं नाही, आपोआप गेला."

@मुळाक्षर, टिपणात सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करायला सांगितलंय का? बहुतेक गरज नाही. उबंटू, फेडोरा, डेबियन १० च्या पुढचे सगळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही उठतात. आणि कुठल्या लॅपटॉपवर विंडोज राखायचं असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल, तर आधी ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये इकडचं तिकडे केलं की पुढच्या वेळी तीच मागतो. मग रात्री साडेनऊला मला फोन येतात.

मुळाक्षर
आभार. विंडोज ठेवायचं नाहीये, पण ते सिक्युअर बूटचं वाक्य काढतो. एक कटकट कमी. त्यात डिसेबलला 'अक्षम करा' लिहिलं होतं, त्यावरून घरीच वाद झाला.

तिरकी रेघ
बरं झालं काढलंत. अक्षम म्हणजे ज्याला जमत नाही तो. 'सिक्युअर बूट अक्षम करा' म्हणजे बिचाऱ्याचे पाय बांधा. 'बंद करा' काय वाईट?

मुळाक्षर
'बंद करा' वाचून आमच्या चाचणीतल्या एका बाईंनी लॅपटॉपच बंद केला. त्यांचंही बरोबर. आपण लॅपटॉप बंद करतो, दार बंद करतो, बोलणं बंद करतो, सगळ्याला एकच क्रियापद.

इझारकाठ
सेटिंगचं लिंग कोणतं ते तरी ठरवा. मुळाक्षर 'चुकीची सेटिंग' म्हणतात, माझ्या आईच्या तोंडी 'सेटिंग बिघडलं' असतं. बिघडलं की बिघडली?

घाटमाथा
परकीय शब्द आधी घ्यायचा आणि मग त्याचं लिंग शोधत बसायचं. जुळणी स्त्रीलिंगी आहे, प्रश्न मिटला.

सड्यावरचा
कोणालातरी पटवलं तर 'सेटिंग झाली', मोबाइलचं असेल तर 'सेटिंग गेलं'. मी असंच बोलतो. अर्थावरून लिंग बदलतं. अनेकवचन मात्र 'सेटिंगा'. 'सेटिंग्ज'मधला ज तोंडात राहतो.

खटपट्या
सेटिंगा! हे मी उद्यापासून दुकानात वापरणार.

पाचवी पट्टी
माझा मूळ प्रश्न वेगळाच होता, विचारायचा राहिला. जुन्या लॅपटॉपवर तारीख सारखी मागे जाते. दुरुस्तीवाला म्हणाला 'सीमॉसचा सेल गेला'. सीमॉस कोण?

खटपट्या
ताई, ते चिप बनवायच्या पद्धतीचं नाव. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये घड्याळाची चिप त्या पद्धतीची होती, बॅटरीवर चालायची, आणि त्यातच सेटिंगा ठेवलेल्या असायच्या. सगळी मिळून ६४ बाइट जागा. पद्धतीचं नाव वस्तूला पडलं आणि टिकलं. आपण डालडा म्हणतो तसं. सेल बहुतेक सीआर २०३२ असतो, जुन्या मोठ्या रुपयापेक्षा थोडा लहान. लॅपटॉपमध्ये वायर लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मिळेल. नव्या मशीनमध्ये सेटिंगा फ्लॅश चिपमध्ये असतात, तिथे सेल काढून पासवर्ड जात नाही. लोक उगाच काढतात.

घाटमाथा
'सेल' म्हटलं की मला दिवाळीचा सेल आठवतो.

तिरकी रेघ
घाटमाथासाहेब, तुम्हीही शेवटी इंग्रजी श्लेष केलात. तारीख नोंदवून ठेवा. क्षमस्व, दिनांक.

मुळाक्षर
कळवायचं राहून गेलं. शनिवारी 'यंत्रालगतच्या सेटिंग्ज' असं छापून दिलं, इझारकाठ यांचे आभार. सोमवारी शाळेत गेलो तर गुरुजींनी भिंतीवर चिकटवलेल्या प्रतीत ती ओळ पेनाने खोडलीय आणि वर लिहिलंय: 'एफ-२ दाबल्यावर निळं पान येतं. त्यात मुलांनी हात घालू नये.' मुलं आता त्या सगळ्याला निळं पानच म्हणतात. एका मुलीने मला विचारलं, "सर, निळ्या पानात मराठी का नाही?"

इझारकाठ
पण नव्या यूईएफआयमध्ये (बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) ते पान निळं नसतंच, बऱ्याचदा काळं असतं. मग काय म्हणणार?

सड्यावरचा
तरी निळंच म्हणणार. बरं, ते निबर-जूनचं राहिलं. घरी विचारलं. बायको देशावरची, ती म्हणते वांगं जून होतं, भेंडी निबर, आणि दोडका दोन्ही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश कोणाच्या हाताशी आहे का?