मध्यंतर, गल्ला आणि मंगल फॉन्ट

कोरा कागद
काल या फोरमवर एकाने पटकथेबद्दल लिहिलं, "तंत्र आलं की कल्पकता मेली, आणि गल्ल्याचा विचार केला की लेखक संपला." वाचून गप्प बसवेना. दोन भावांच्या वाटणीचा प्रसंग घ्या. पहिल्या खर्ड्यात तीन पानं भांडण: "मला माझा हिस्सा हवा", "बापाच्या जिवावर उठलास". दुसऱ्या खर्ड्यात थोरला जेवता जेवता खिशातून सातबारा काढून धाकट्याच्या ताटाशेजारी ठेवतो. आईचा भाकरी वाढणारा हात थांबतो. अर्धं पान! नट तेच, घर तेच, अडीच पानांचं शूटिंग वाचलं आणि शेवटच्या रांगेतही पोचलं. यातली कल्पकता, तंत्र आणि धंदा वेगवेगळे काढून दाखवा.

तिसरी घंटा
सोयीचं उदाहरण आहे. निर्माता आधी नरेशन, म्हणजे लेखकाने तोंडी सांगितलेली पटकथा, ऐकतो, आणि ऐकवताना मुका प्रसंग पडतो. म्हणून लेखक संवाद घुसडतो. मध्यंतराला धक्का हवा म्हणून कुणाचा तरी खून पाडतो, ज्याची पेरणी पहिल्या तासात कुठेच नसते. मग उत्तरार्धात वीस मिनिटं नुसते खुलासे.

कोरा कागद
म्हणजे पेरणी चुकली. मध्यंतराला कशाला दोष? 'सैराट'चा (2016) पूर्वार्ध गाण्यांचा, उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी, शेवट आवाजाशिवाय. तरी मराठीत कमाईचे विक्रम मोडले. पूर्वार्धातला आनंद मनापासून लिहिलाय, म्हणून तो शेवट सोसत नाही.

कंटिन्युइटी
अडीच पानं वाचली म्हणताय, ती कुठल्या फॉन्टमधली? एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी कुरियर फॉन्टच्या 12 पॉइंटचा. देवनागरीत वर-खाली मात्रा, ओळींतलं अंतर जास्त. तीच संहिता मंगल फॉन्टमधून कोकिला फॉन्टमध्ये टाका, आकडा 12 च ठेवा, पानं धडाधड कमी होतात. सिनेमा तेवढाच राहतो! सहायक दिग्दर्शक पानाचे आठ भाग पाडून शूटिंगचे दिवस ठरवतो, तो इथेच फसतो.

तिसरी घंटा
फॉन्टवर घसरू नका. "पावसात, रात्री, घाटात तो पळतो" ही एक ओळ. तिला पाण्याचे टँकर, जनरेटर, रस्ता अडवायची परवानगी लागते, दोन रात्री जातात. पान मोजून काय कळणार?

कंटिन्युइटी
घसरत नाही, मुद्दा हाच आहे! पानं मोजूच नका. घड्याळ लावून संवाद मोठ्याने वाचा, हालचाली उठून करून बघा, प्रत्येक प्रसंगापुढे सेकंद लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, म्हणून युनिकोडच (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) वापरा. आणि पीडीएफ पाठवण्याआधी जोडाक्षरं फुटली नाहीत ना, ते बघा.

तिसरी घंटा
सेकंदांचं मान्य, नाइलाजाने. पण मानधनाचा शेवटचा हप्ता "शूटिंग सुरू झाल्यावर" असा करारात असेल, तर लेखक सहावा खर्डा फुकट लिहितो आणि निर्मात्याला हवं तेच लिहितो. वन लाइन (प्रसंगांची थोडक्यात यादी), पहिला खर्डा, अंतिम खर्डा असे हप्ते पाडून तारखा लिहून घ्या. तुमचा सातबारा त्याशिवाय पडद्यावर पोचत नाही.

कोरा कागद
कराराचं पटलं. नरेशनचं नाही. सातबाऱ्याची ओळ वाचून तीन सेकंद थांबा, मगच आईचा हात सांगा. मुका प्रसंग ऐकवताही येतो.

कंटिन्युइटी
आणि ते तीन सेकंदही मोजा.