मदत हवी आहे: बाहेरून बसवलेला अलार्म रात्री कोकलतो, बॅटरीही उतरते

मंडळी, वायरिंगमधलं कुणी जाणकार आहे का? गाडी २०१४ ची हॅचबॅक, बेस मॉडेल. गेल्या महिन्यात रिमोटवाला अलार्म बाहेरून बसवून घेतला. आता लॉक केल्यावर कधी दहा मिनिटांनी, कधी पहाटे तीनला सायरन सुरू. खालच्या मजल्यावरच्या काकांनी बोलणंच टाकलंय! शिवाय चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही.

शॉक सेन्सर (गाडीला धक्का बसला की अलार्म वाजवणारा) काढून ठेवला, तरी वाजला. मग स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. दरवाज्याच्या ट्रिगरची वायर (दार उघडल्याचं अलार्मला कळवणारी) केबिन लाइटच्या वायरला नुसती पीळ देऊन टेपने गुंडाळलीय. अलार्मची अर्थ वायर (निगेटिव्ह, गाडीच्या बॉडीला जोडायची) रंग न खरवडता एका स्क्रूखाली दाबलीय. बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून, लॉक करून अर्धा तास थांबलो: गाडी बंद असतानाही १८० मिलिअँपिअर करंट जातोय. अलार्मचा फ्यूज काढला की ३०. म्हणजे चोर घरातलाच.

आता अर्थ चेसिसच्या मूळ पॉइंटवर नेणार आहे. पण ट्रिगर थेट दरवाज्यांच्या स्विचवर घेतला तर प्रत्येकाला वेगळा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लागेल का, आणि कोणत्या दिशेने? स्विच निगेटिव्ह आहेत, दार उघडलं की अर्थ देतात. बसवणारा फोन उचलत नाही.