वेस्टगेटची नळी कुठे जोडावी: कॉम्प्रेसरवर की मॅनिफोल्डवर?

रेंच_पाना (धागाकर्ता)

पेट्रोल इंजिनला टर्बो बसवून सहा महिने झाले. वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) अ‍ॅक्च्युएटरमध्ये ०.५ बारची स्प्रिंग आहे, म्हणजे नळीतून तेवढा दाब आला की झडप उघडायला लागते. ज्यांनी फिटिंग केलं त्यांनी अ‍ॅक्च्युएटरची नळी इन्टेक मॅनिफोल्डवरून (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरून) घेतली, तीही ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या (पेडल सोडल्यावर अडलेली हवा सोडणाऱ्या झडपेच्या) नळीला टी मारून.

चढावर अर्धं पेडल दाबून गाडी खेचत असताना टर्बोकडून फडफड आवाज येतो. गेल्या आठवड्यात अशाच चढावर इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप क्लॅम्पमधून निसटला, आणि तेव्हा गेजवर फक्त ०.३ बार होते! पेडल पूर्ण दाबलं तर काही त्रास नाही. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.५ वर थांबतो, पाइपही जागचा हलत नाही.

विचार करून माझं मत असं झालंय की नळी कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) निपलवरच हवी. गेजही मॅनिफोल्डवर, नळीही मॅनिफोल्डवर. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची पाकळी) अर्धा मिटलेला असताना त्याच्या अलीकडे किती दाब साचलाय हे दोघांनाही कळत नाही. पाइप मात्र अलीकडेच आहे.

बूस्टपंथी

असहमत. सिलिंडर भरतात ते मॅनिफोल्डमधल्या हवेने. मग दाब तिथलाच धरायला हवा ना? इंटरकूलर आणि पायपिंगमध्ये दाब पडतो, आणि हवेचा प्रवाह दुप्पट झाला की ही घट साधारण चौपट होते. म्हणजे कॉम्प्रेसरवर ०.५ धरलेत तर खालच्या आरपीएमला मॅनिफोल्डला जवळपास ०.५ मिळतील आणि वर नेमकी ताकद हवी तेव्हा ०.३५. नळी मॅनिफोल्डवर असेल तर ०.५ शेवटपर्यंत टिकतात.

तुमचा पाइप निसटला यात क्लॅम्पचा दोष आधी तपासा.

जुना_फिटर

क्लॅम्प तपासाच, पण दुखणं ते नाही. क्लॅम्पचा दोष असता तर पूर्ण पेडलला पाइप आधी सुटला असता.

बूस्टपंथी, तुमचा हिशोब पूर्ण उघड्या थ्रॉटलचा आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. पण रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर असते. मॅनिफोल्डमध्ये ०.३ आहेत म्हणून वेस्टगेट बंद राहतं, सगळा एक्झॉस्ट टर्बाइनमधून जातो, टर्बो वेग घेत राहतो आणि हवा थ्रॉटलच्या पाकळीवर अडते. कॉम्प्रेसरला दाब जास्त आणि प्रवाह कमी अशी वेळ आली की हवा उलटी फिरायला बघते. ती फडफड म्हणजे सर्ज. टर्बोच्या शाफ्टचा पुढे-मागे धक्का पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला हे रोज सोसत नाही. शिवाय जी हवा पुढे थ्रॉटलवर अडवायचीच आहे ती आधी दाबून तापवायची, हा नुसता तोटा.

त्यात ती टी. आयडलला आणि पेडल सोडलं की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो आणि अ‍ॅक्च्युएटरच्या डायफ्रॅमला प्रत्येक वेळी उलटा ओढा बसतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला मॅनिफोल्डचीच नळी लागते, त्याचं कामच व्हॅक्यूमवर चालतं. वेस्टगेटचं तसं नाही. दोघांना एका नळीवर बांधू नका.

डिझेलवाला

आमच्याकडे हा वाद अर्धाच उरतो. डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते, हवा थ्रॉटलने अडवत नाहीत. त्यामुळे नळी कुठेही घेतली तरी फरक इंटरकूलरच्या घटीपुरताच.

बूस्टपंथी

फिटरसाहेब, अर्ध्या थ्रॉटलचा मुद्दा मान्य. पण कॉम्प्रेसरवर नळी लावून वरची घट भरून काढायला लोक कडक स्प्रिंग टाकतात, त्याचं काय? घट खालच्या आरपीएमला नसतेच, म्हणून बूस्ट मधल्या पट्ट्यात जास्त चढतो. नॉकिंगची (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याची) भीती तिथेच मोठी. मग मधला मार्ग घ्या: इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडे. थ्रॉटलचा गोंधळ टळतो आणि इंटरकूलरची घटही धरली जाते.

जुना_फिटर

मॅनिफोल्डपेक्षा हे शंभर पटींनी बरं. तरीही मी कॉम्प्रेसरच म्हणेन, आणि कारण गळतीचं आहे. इंटरकूलरच्या आधी कुठे पाइपला चीर गेली, तर तुमच्या जागी दाब कमी दिसणार आणि वेस्टगेट बंद राहून टर्बो ती गळती भरून काढायला जास्त फिरणार. गेजवर सगळं ठीक, आत टर्बो मर्यादेपलीकडे. कॉम्प्रेसरवरची नळी असेल तर इंजिनचा बूस्ट घसरतो आणि चालवणाऱ्याला लगेच जाणवतं.

कडक स्प्रिंग मीही टाकणार नाही. स्प्रिंग मऊच ठेवा, नळी कॉम्प्रेसरवरून घ्या, मध्ये सोलेनॉइड (वेस्टगेटकडे जाणारा दाब कमी करणारी विजेवरची झडप) बसवा आणि तो ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मॅनिफोल्डच्या मॅप सेन्सरवरून, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून, चालवू द्या. झडप हलवायला दाब कॉम्प्रेसरचा, मोजायला मॅनिफोल्डचा. मात्र स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट सोलेनॉइडने मिळत नाही आणि गळती लपायची शक्यता इथेही थोडी परत येते, म्हणून ईसीयूमध्ये सोलेनॉइडला वरची मर्यादा घाला.

कॉम्प्रेसर हाउसिंगला निपल नसेल आणि पाइपला भोक पाडायचं असेल तर ते सरळ भागात पाडा, बाकाला नाही. निपलचं तोंड आतल्या भिंतीशी सपाट हवं. आत घुसून प्रवाहाकडे वळलेलं असेल तर हवेचा धक्काही दाबात धरला जातो आणि वेस्टगेट लवकर उघडतं.

रेंच_पाना (धागाकर्ता)

काल कॉम्प्रेसरच्या बाजूला दुसरं गेज लावून त्याच चढावर गेलो. मॅनिफोल्ड ०.३, कॉम्प्रेसर ०.९! पाइप का सुटला ते डोळ्यांनी दिसलं.

मग नळी कॉम्प्रेसर हाउसिंगच्या निपलवर नेली, एक वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना क्लॅम्प. ही नळी सुटली तर वेस्टगेट उघडणारच नाही, म्हणून क्लॅम्प दोनदा तपासले. तोच चढ, तेवढंच पेडल: कॉम्प्रेसर ०.५, फडफड बंद. पूर्ण पेडलला वरच्या आरपीएमला मॅनिफोल्ड ०.३८.

बूस्टपंथी

ते ०.१२ बार मी म्हणत होतो तेच.

रेंच_पाना (धागाकर्ता)

हो, आणि ते मलाही हवे आहेत. पण त्यासाठी सोलेनॉइड लावेन, नळी हलवणार नाही. जाता जाता: ब्लो-ऑफच्या नळीतली जुनी टी काढून सलग नळी टाकली. टी ठेवणार असाल तर उघडं तोंड बूच लावून क्लॅम्प करा. माझं तासभर नुसतं उघडं होतं, तेवढ्यात आयडल वरखाली होत होतं.