मदत हवी आहे: सोलापूरहून पुण्याला गोठवलेले नमुने न्यायचेत, ड्राय आइस कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. डाळिंबाच्या पानांचे आरएनए (पेशीतला जनुकीय संदेश वाहणारा रेणू) तपासण्यासाठीचे नमुने मे महिन्यात कारने पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचे आहेत. अंतर साधारण 250 किलोमीटर, त्यात आपल्याकडचं ऊन. पानं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून 2 मिलीच्या क्रायोव्हायलमध्ये (अतिथंडीत टिकणाऱ्या छोट्या कुप्यांत) भरली आहेत, सध्या उणे 80 अंशांत आहेत. वाटेत वितळली तर आरएनए तुटतो, पुन्हा गोठवून तो परत येत नाही. म्हणून साध्या बर्फावर अजिबात भरवसा नाही.

बेत असा: जाड थर्माकोलच्या पेटीत नमुन्यांच्या खाली-वर मिळून 8 किलो ड्राय आइस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो न वितळता थेट वायू होतो), उरलेल्या पोकळीत चुरगळलेला कागद. झाकण हवाबंद करणार नाही, वायू साठून पेटी फुटते. तोच कार्बन डायऑक्साइड गाडीत कोंडू नये म्हणून काचा थोड्या उघड्या ठेवू.

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी 10 किलो किरकोळ देतं का? लादी मिळाली तर उत्तम, गोळ्या लवकर वायू होऊन उडतात.

सोबत पीएच मीटरही (आम्लता मोजणारं यंत्र) आहे. त्याच्या इलेक्ट्रोडच्या टोपीत तो ओला ठेवायला 3 मोलार पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं, ते हिंदकळून गळतं. नुसती पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणचट पट्टी) पुरते का, की तुम्ही आणखी काही लावता?